एकोणीस चौकटी हवा

बेयोलूच्या तळघरात, मुअल्ला हानमच्या खोलीत
दोरीवर माणसं वाळत घातलेली असत,
तुकड्यातुकड्यांनी:
एक धावता बूट, एक मिशी,
पिस्तूल धरलेला हात
आणि त्या हाताचा मालक तिसऱ्या खिळ्यावर.
मी सोळा वर्षांचा. चहा आणायचा,
चिकटवायच्या द्रावाचा वास घरी घेऊन जायचा,
आईच्या शिव्या खायच्या.

त्या साली कोरी फिल्म सोन्याच्या भावाने मिळे.
नेजात बेंनी उडी एकदाच टिपली.
सेझाई कौलांवरून धावत आला,
कठड्याला पाय लावला,
उडाला
आणि कॅमेऱ्यातली रीळ संपली.

फिल्मवर तो हवेतच राहिला.
खाली गल्लीत मात्र पडला,
गाद्यांवर पडला, एक घोटा सोडून.
पुन्हा घेऊ या, म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

हानमने पट्टी दिव्यासमोर धरली, मोजली.
एकोणीस चौकटी हवा.
एक सेकंदसुद्धा पुरा नाही.
"काढून टाका उडी," नेजात बे म्हणाले,
"दारातून पळवू त्याला. दार फुकट आहे."
तिने पांढरे हातमोजे चढवले,
मला म्हणाली, "दार लावून घे.
लोक पैसे देतात पडायच्या भीतीला,
आणि ती आपल्याकडे रग्गड आहे."

मग तिने हवा चिरली.
सहा चौकटी. सात. सहा.
पहिल्या फटीत गल्ली, वरून, खोल,
कुठल्या शहरातली देव जाणे.
पाठलागवाल्याची बोटं, कौलावरून निसटणारी.
पुन्हा सेझाईचा पाय
(हा सकाळचा, नाडी बांधतानाचा,
पण भीती पायात नाडीसारखीच दिसते).
दुसऱ्या फटीत एक बाई,
गेल्या वर्षीच्या रडक्या सिनेमातून उसनी आणलेली,
खिडकीतून वर बघते आहे.
तिथे ती पोस्टमनची वाट बघत होती.
इथे तिच्या डोक्यावरून माणूस जातो.

तुकडे आखडत गेले.
अंधाऱ्या जिन्यावर पायऱ्या मोजत उतरावं
आणि आकडा चुकावा, तसे.
मग, ऐन मध्यावर, कबुतर.
नुसतं बसलेलं. मान वळवतं.
दोन सेकंद! मला वाटलं, म्हातारी पेंगली.
"घाईतल्या माणसाचा दंड धरून बघ,"
ती कात्री न सोडता म्हणाली,
"कसा बिथरतो."

उतरण्याचा तुकडा नव्हताच.
तिथे तिने कबुतरं उडवली
आणि आवाजवाल्या रिझाला सांगून
टेबलावर एक खरं कौल फोडून घेतलं.

आक्सरायचं उन्हाळी थिएटर, उघडं आभाळ, लाकडी खुर्च्या.
हजारभर माणसं सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली,
पत्र्यावर पाऊस पडावा तशी.
सेझाई माझ्या शेजारी, कुबड्या मांडीवर आडव्या.
पडद्यावर पाय.
गल्ली.
बोटं.
बियांचा आवाज विरळ झाला.
बाई.
पाय.
कबुतराने मान वळवली
आणि हजार तोंडांत हजार बिया
दातांमध्ये तशाच राहिल्या.
माझ्या मनगटात कुणाची तरी नखं रुतली.
सेझाई.
घोटा प्लास्टरमध्ये असलेला, गल्लीत पडून आलेला सेझाई
पडद्याकडे बघत कुजबुजला,
"पोचतो का रे मी?"

कौल फुटलं. थिएटर ओरडलं.
कुणीतरी टोपी उडवली, ती परत आलीच नाही.

बाहेर, गर्दीत, हानम सिगारेट पेटवत होती.
मी धावत गेलो, काय बोलावं सुचेना.
"त्या बाईच्या वेळी," ती म्हणाली,
"डावीकडे, चौथ्या रांगेत
एकाने बी फोडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाईच्या चार चौकटी कापल्या.
त्या अजून माझ्या पाकिटात आहेत.
दिव्यासमोर धरल्या की दिसतं,
ती वर बघतच नाही आहे.
डोळे मिटून घेते आहे.